शिवेबाहेरचा गिअरबॉक्स

आमच्या गाडीला अख्खा गाव रेडा म्हणायचा, आणि ते काही कौतुकानं नव्हे. जुनी जीप, काळपट हिरवा रंग, मागचा भाग कापून त्यावर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फळ्यांचा हौदा बसवलेला. थंडीत सकाळी हँडल मारून मारून अप्पांचा खांदा भरून यायचा तरी ती नुसती खोकायची, आणि एकदा सुरू झाली की चुलीवरच्या भांड्यांची झाकणं थरथरायची. आई चुलीपुढूनच म्हणायची, "उठला बघ तुझा थोरला भाऊ." मला भाऊ नव्हता. मी शेवंती, एकटीच. त्यामुळं भावानं करायची म्हणून जी कामं असतात ती सगळी माझ्या गळ्यात, आणि त्यात गाडी चालवणंही आलं. भात कापून मोकळ्या झालेल्या मळीत अप्पांनी मला गाडी शिकवली, तेव्हा बांधावर बसून दात काढणाऱ्यांची नावं मला अजून पाठ आहेत. त्यातले बरेचजण आता नाहीत, देव त्यांचं भलं करो, पण मी विसरलेले नाही.

दिग्गी गावाच्या अलीकडे आमची वाडी. आता तिथंवर डांबर गेलंय, नातवंडं मोटारीत झोपून जातात. तेव्हा रस्ता म्हणजे लाकडाच्या ट्रकांनी कधीकाळी पाडलेली चाकोरी, आणि मध्ये गोल धोंड्यांनी भरलेला ओहोळ. रेड्याच्या पुढच्या चाकांनाही जोर होता, म्हणून तेवढा एकटा तो ओहोळ चढायचा. मीठ, रॉकेल, खत, पत्रे, शाळेचे मास्तर, अडलेली बाळंतीण, सगळं रेड्याच्या पाठीवर. हंगामात अप्पा पार गुंद गावापर्यंत माल पोचवून यायचे. एवढं करूनही वाडीत आम्ही उपरेच. आजोबा खानापूरकडून येऊन राहिलेले, आणि बाकीची घरं त्या डोंगराइतकीच जुनी. कुणी तसं तोंडावर म्हणायचं नाही, पण जत्रेचा मान वाटताना आमचं नाव शेवटी यायचं, आणि अप्पांना ते टोचायचं.

आईचं माहेर सुपाकडचं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिच्या भावांनी कौलं, वासे, दाराच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या, पण शिवेवरचा राखणदार, म्हणजे गावची हद्द राखणारा देव, तेवढा तिथंच राहिला. हा म्हणाला तो नेईल, तो म्हणाला हा नेईल. आईच्या मनातून ते कधी गेलं नाही. पिठी ढवळता ढवळता मध्येच म्हणायची, "आमचा राखणदार पाण्यात बसला गे. कुणी हात न्हाई दिला त्याला." म्हणूनच असेल, सासरच्या राखणदाराला ती फार जपायची. शिवेवर एका जुन्या आइनाच्या झाडाखाली चार-दोन ओबडधोबड दगड, एवढंच ते देवस्थान. दर अवसेला आई तिथं तेल घालून यायची. गावातल्या बायका जत्रेपुरत्या जायच्या, ही बारा महिने.

त्या उन्हाळ्यात आईच्या पोटात गाठ निघाली. आधी ती लपवत राहिली. घरात मुडलीच्या कंदाचे काप तव्यावर परतायचे, लाल मुंग्यांची चटणी वाटायची, कुळथाची पिठी रटरटायची, सगळं नेहमीसारखं चाललेलं, फक्त तिचं ताट ती परत झाकून ठेवायची. मग अंगावरून जायला लागलं ते थांबेना. तोंड पांढरंफटक पडलं. गाडीचे हिसके नकोत म्हणून माणसांनी एकदा घोंगडीच्या झोळीतून तिला न्यायचं बघितलं, तर ओहोळ ओलांडायच्या आतच ती बेशुद्ध पडली आणि घोंगडी भिजली. परत आणली. मग अप्पांनी रेड्यात गादी टाकून, बैलाच्या चालीनं गाडी हाकत बेळगावला नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि अप्पांना बाजूला घेतलं. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर बुधवारी येतात, म्हणाल्या, औषधं देते, येत्या बुधवारी सकाळी आणाच. रक्त असंच जात राहिलं तर त्याच्या पुढच्या बुधवारचं मी काही सांगत नाही. अप्पा नुसती मान हलवत राहिले. परत येताना आईनं विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काय न्हाई, बुधवारी या म्हणाली." आई माझ्याकडं बघून हसली. तिला सगळं कळलं होतं.

आणि तिला घरी सोडून अप्पा डिझेल आणायला म्हणून निघाले तर ओहोळाच्या चढावर रेड्यानं मान टाकली. कडाड आवाज झाला आणि मग फुटाणे भाजताना होतो तसला आवाज येत राहिला. बैल जुंपून गाडी अंगणात ओढून आणली. अप्पांनी गिअरबॉक्सखालचं बूच काढून तेल घमेल्यात घेतलं आणि त्यात हात घातला, तर तळव्यावर लोखंडाचे तुकडे आले. अप्पा म्हणाले, "दात पडले सगळे. आता ह्यो काय चावतोय?" त्यांनी ते विनोदानं म्हटलं, पण हातही पुसला नाही. ते तसेच उठले आणि पायी रामनगरच्या वाटेला लागले.

बसू मिस्त्री हा अप्पांचा रामनगरचा दोस्त. बोलायला लागला की ढगालाही भोक पाडील असला माणूस; सगळ्या तालुक्यात आपल्याएवढा मिस्त्री नाही असं तो स्वतःच सांगायचा, दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघायचा नाही. दोघांनी मिळून खानापूरला भंगारातून तसल्याच जीपचा बॉक्स उचलला, टेंपो जिथवर येतो तिथवर आणला आणि तिथून पुढं बांबूला टांगून, रानडुक्कर आणतात तसा, चार माणसांच्या खांद्यावरून वाडीत आणला. सोमवारी दिवेलागणीला तो आमच्या अंगणात टेकला. आईनं आत पडल्या पडल्या विचारलं, "काय आणलंस ते?" अप्पा म्हणाले, "तुझ्या थोरल्या पोराची कवळी." कितीतरी दिवसांनी घरात हसणं झालं.

पण दुसरा दिवस मंगळवार होता आणि गावदेवीची जत्रा तोंडावर होती. आमच्याकडं जत्रेआधीचे मंगळवार-शुक्रवार गाव वार पाळतं. त्या दिवशी शिवेच्या आत उखळात मुसळ पडत नाही, जातं फिरत नाही, बैलाच्या मानेवर जू चढत नाही, कोयते-कुऱ्हाडी भिंतीला टेकून राहतात. लोखंडाचा आवाज देवीच्या कानी जाऊ द्यायचा नाही. वार मोडला तर वर्षभरात गावात काय काय होतं त्याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकलेल्या. अप्पांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पहाटेच उठून त्यांनी पान्यांना फडकी गुंडाळली, हातोड्याच्या तोंडाला गोणपाट बांधलं, आणि बसू मिस्त्रीला ते गाडीखाली सरकायला सांगतात तोवर अंगणाच्या तोंडाशी बुदवंत उभा होता. बुदवंत म्हणजे वाडीचा प्रमुख. काठीसारखा वाळलेला म्हातारा, बोलायचा हळू, आणि त्याच्या मागं गावातले बापये.

"आज वार हाय," बुदवंत म्हणाला.

"व्हय, ठावं हाय," अप्पा म्हणाले. "आवाज करत न्हाई. फडकी बांधलीत."

"देवीला फडकी कळत न्हाईत."

"बायकू मरायलीया आत!" अप्पा एकदम ओरडले. मी त्यांना गावासमोर असं ओरडताना कधी बघितलं नव्हतं. "उद्या सकाळी तिला बेळगावात पोचवाय पायजे. आज बॉक्स न्हाई बसला तर कवा बसवू? ती गेल्यावर?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, आलेल्या माणसास्नी वाराचं काय असायचं. झालं. माझं डोकंच फिरलं. मी पायरीवरून खाली उतरले आणि म्हटलं, "कोण बोललं ते फुडं या. तुमची बाळंतीण अडली तवा ह्या आलेल्या माणसाचीच गाडी गोड लागली न्हवं?" अप्पांनी माझा दंड धरला. बुदवंतानं मागं वळून त्या बोलणाऱ्याकडं नुसतं बघितलं. आतून आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता, तो सगळ्यांना ऐकू जात होता.

"शिवेच्या आत न्हाई," शेवटी तो म्हणाला. "शिवेच्या भायर लोखंड वाजवा, मी काय म्हणत न्हाई."

"गाडीला दात न्हाईत, शिवेच्या भायर न्यायची कशी? बैल लावाल?"

"बैलाला वार हाय," बुदवंत म्हणाला. "माणसाच्या मानंला न्हाई." आणि त्या म्हाताऱ्यानं काठी कुडाला टेकवली, धोतराचा काष्टा घट्ट केला आणि रेड्याच्या मागच्या फळीला स्वतःचा खांदा लावला. मग बाकीच्यांना काय, लावावाच लागला. ज्यानं टोमणा मारला होता तोही आला, सगळ्यात जास्त घाम त्याचाच गळला. हौद्यात गादीवर आई, तिच्या पायाशी गिअरबॉक्स, स्टीअरिंगवर मी, आणि सगळा गाव गाडी ढकलतोय. काम झालं की तिथूनच तडक निघायचं म्हणून आईला बरोबर घेतलेली. पोरं ओरडायला लागली तर बुदवंतानं दटावलं, वार हाय रे, गप.

शीव संपते तिथून रस्ता ओहोळाकडं उतरतो. झाडी दोन्हीकडून रेटून आलेली. गाडीखाली दोन माणसं सरकू शकतील एवढी मोकळी जागा त्या उतारावरच, आइनाच्या झाडाच्या जरा पुढं. दुसरीकडं कुठं सोयच नव्हती. बसू मिस्त्रीनं तोंड वाकडं केलं. त्याचं कारण असं, की असल्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकाला नसतो, गिअरबॉक्सच्याच मागच्या टोकाला असतो. बॉक्स उतरवला की हातब्रेकही उतरला. राहिला पायातला ब्रेक, तर त्याचं तेल झिरपायचं. पेडल एकदा दाबलं की तळाला जायचं, भराभर मारलं की वर येऊन धरायचं, आणि धरून बसलं तरी पायाखाली हळूहळू खचत राहायचं. ते माझ्या हवाली. चाकांपुढं दगड लावले. ओहोळातले गोटे पुढच्या चाकांना ठेवले तर ते गुळगुळीत, घसरणारे. तेव्हा बसू मिस्त्री झाडाच्या बाजूनं परातीएवढा जाड, सपाट दगड छातीशी धरून घेऊन आला आणि माझ्या बाजूच्या मागच्या चाकापुढं त्यानं तो ठोकून बसवला. "ह्यो धरंल," म्हणाला. "सगळी गाडी ह्याच्यावर हाय. पोरी, तू आपला पाय ठेव नुसता." आईला झाडाच्या सावलीत घोंगडीवर बसवलं. बुदवंत मात्र शिवेच्या आतच, वीसेक पावलांवर, काठी आडवी घेऊन बसला. तो अलीकडं आला नाही.

जुना बॉक्स उतरवायला उन्हं डोक्यावर आली. सीटपुढचा पत्रा काढला, खालचे दांडे सोडले, आणि दोर घालून, आडव्या बांबूवर पेलत पेलत तो डबा जमिनीवर घेतला. माझ्या पायांच्या मधून मला खालची माती दिसत होती, आणि मातीवर उताणे अप्पा. नवा बॉक्स चढवायचा तर उलटं काम. दोन्ही बाजूला दोन-दोन माणसं बांबू खांद्यावर घेऊन उभी, बांबूला दोर, दोराला बॉक्स, आणि खाली अप्पा नि बसू मिस्त्री तो पुढं ढकलतायत. बॉक्सच्या तोंडातून निघालेला दांडा इंजिनाच्या पोटातल्या भोकात नेमका घुसायला लागतो, आणि तो काही केल्या घुसेना. जरा वर गेला की खाली पाहिजे, खाली गेला की डावीकडं. बसू मिस्त्री कानडीत आणि मराठीत आलटून पालटून शिव्या देत होता. "अय्यो, उचला की रं! साकू, साकू, पुरे! खाली! अरे खाली म्हंजी माझ्या उरावर न्हवं!" बांबूखालची माणसं घामानं निथळत होती, पाय लटपटत होते. दुपार कलायला लागली. माझी पोटरी ब्रेकवर दगड झाली होती, आणि माझ्या मनात एकच, की उजेड आहे तोवर हे बसायला पाहिजे, नाहीतर आई राहत नाही.

तेवढ्यात मला मागं बांगड्या वाजल्यासारख्या वाटल्या. मान वळवून बघितलं तर आई उठून मागच्या चाकाशी बसलेली. मला वाटलं, अप्पांना पाणी द्यायला आली असेल. मग दिसलं, की तिनं जांभ्याचा एक चिरा आणून चाकापुढं, त्या सपाट दगडाला लगटून ठेवलाय आणि दगडावरची माती ती पदरानं पुसतेय. मातीखाली तेलाचा काळा थर होता. तो राखणदार होता. रानडुकरांनी झाडाखालची माती उकरून एक दगड बाजूला लोळवला असेल, वर पाला पडला असेल, आणि परगावच्या बसू मिस्त्रीला तो नुसता चांगला दगड वाटला असेल. गावातल्या बाप्यांनाही तो ओळखू आला नाही. दर अवसेला त्याच्यावर हात फिरवणारी एकटी आईच, तिला ओळखू आला. एक राखणदार पाण्यात बसलेला, आणि दुसरा आपल्यापायी, वाराच्या दिवशी, चाकाखाली.

मी "आई, नको" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी बसू मिस्त्री ओरडला, "उचला!" चौघांनी बांबू रेटला, गाडी अंग झटकल्यासारखी जरा मागं कलली, चाकाचा भार क्षणभर हलका झाला, आणि आईनं दगड ओढून काढला. पुढच्या क्षणी चाक जांभ्यावर टेकलं. जांभा तो, बिस्किटासारखा चुरला. रेडा चालू लागला.

आवाज काहीच झाला नाही, हेच मला अजून आठवतं. नुसती झाडं मागं सरकली. अप्पांचे पाय माझ्या बाजूनं गाडीखालून बाहेर आलेले, अगदी मागच्या चाकाच्या वाटेत. मी पेडल दाबलं, ते तळाला गेलं. पुन्हा मारलं, पुन्हा तळाला. पुढच्या चाकांनी गोटे बाजूला उडवले. मी उभी राहून, स्टीअरिंगला लोंबकळून, दोन्ही पायांनी मारत सुटले आणि तोंडानं "अप्पा, अप्पा" एवढंच. मग पायाखाली काहीतरी घट्ट झालं आणि गाडी हिसका देऊन थांबली. बांबूवरचा बॉक्स झोक्यासारखा पुढं गेला आणि इंजिनाच्या पोटात खट् झालं.

चाक अप्पांच्या पिंढरीला टेकून थांबलं होतं. टेकून, वर नव्हे. पण पेडल माझ्या पायाखाली पुन्हा खचायला लागलेलं मला कळत होतं, आणि बांबू सोडून कुणाला हलता येत नव्हतं. मी मागं बघितलं. आई गुडघ्यांवर होती. तिनं राखणदाराला पोटाशी धरलं, त्याच गाठ असलेल्या पोटाशी, आणि चाकापुढं ढकललं, आणि तळहातांनी आत आत रेटत राहिली. तिचं लुगडं भिजलेलं मला दिसलं. चाक दगडाला टेकलं. गाडी जागच्या जागी बसली.

"बसला!" खालून बसू मिस्त्री गरजला. "बघितला काय बसू मिस्त्रीचा हात? एका झोक्यात बसिवला!" त्या मूर्खाला काय झालं ते समजलंच नव्हतं. अप्पा मात्र सरपटत बाहेर आले. तोंड तेलानं माखलेलं, पिंढरी सोललेली. ते थेट माझ्याकडं आले आणि सगळ्यांदेखत माझ्यावर फुटले. "झोपली हुतीस काय गे? बापाला मारतीस? एवढा ब्रेक धरता येत न्हाई तर बसलीस कशाला वर?" बांबूखालचा एकजण म्हणाला, "पोरीला बसिवल्यावर आनी काय हुणार?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्यासारखी तोंडाळ मुलगी, एरवी मी सगळ्यांना उभं चिरलं असतं. आई मागून उठली, तिनं तोंड उघडलं, ती सांगणार होती. आणि मला दिसलं, बांबू अजून त्या चौघांच्या खांद्यावर आहे, बोल्ट एकही बसलेला नाही. चाकाखाली राखणदार आहे असं त्यांच्या कानावर गेलं तर ते तिथल्या तिथं बांबू टाकून पळाले असते, आणि बुदवंत तर समोरच होता. मी आईवर खेकसले, "तू गप बस तितं!" मग अप्पांना म्हटलं, "पाय घसरला. आता घसरत न्हाई. जावा खाली." आईनं माझ्याकडं बघितलं आणि ती चाकाला पाठ लावून बसली, दगड पदराखाली झाकून.

अप्पा पुन्हा खाली गेले. त्या वेळी मला कसं वाटलं ते सांगते. मला भयंकर राग आला होता, आणि भीती त्याहून जास्त, आणि दोन्ही मी त्या पेडलमध्ये घातलं. बोल्ट बसले, दांडे जोडले, तेल ओतलं. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर असताना अप्पांनी हँडल मारलं आणि रेडा पहिल्याच झटक्याला उठला. आईला उचलून गादीवर घेताना तिनं मागं वळून दगडाकडं हात जोडले. अप्पांनी गाडी मागं घेऊन चाक त्याच्यापासून सोडवलं, त्याला चुकवून गाडी पुढं काढली आणि ओहोळ ओलांडला, तो मी आईजवळ बसून डोळे मिटून ओलांडला. बेळगावात बुधवारी सकाळी मोठे डॉक्टर यायच्या आधी आई खाटेवर होती. गाठ निघाली. भाकरीच्या गोळ्याएवढी होती, मी बघितली. आई वाचली, आणि पुढं माझी बाळंतपणं करायला, माझ्या पोरांना लाडावून ठेवायला भरपूर जगली.

घरी आल्यावर चालता येऊ लागलं तशी तिनं पहिलं काम केलं ते नारळ घेऊन बुदवंताच्या दारात उभं राहण्याचं. मी बरोबर होते, भांडायच्या तयारीनं. आईनं रडत सगळं सांगितलं. म्हातारा पान चघळत ऐकत राहिला. आम्ही गेल्यावर त्यानंच तो दगड ओहोळावर नेऊन धुतला होता आणि जागेवर बसवला होता. त्याला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणाला, "राखणदाराचं काम काय गे? राखायचं. इतकी वरसं नुसता तेल पीत बसलेला. एक दिवस कामाला लागला तर एवढं रडतीस?" नारळ त्यानं तिथंच फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

अप्पांना मात्र आम्ही दोघींनी कधी सांगितलं नाही. आईला धीर झाला नाही, आणि मी तिच्यासाठी गप्प बसले. पण अप्पांचं ते बोलणं माझ्या मनात काट्यासारखं राहिलं. लग्न झालं, पोरं झाली, तरी माहेरी गेले आणि रेड्याचा विषय निघाला की मी उठून आत जायचे. आई गेली त्या वर्षी अप्पा माझ्याकडं राहायला आले. एकदा दुपारी पडवीत बसलेले असताना त्यांची ती पिंढरी उघडी पडलेली दिसली, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी माझा पाय घसरला नव्हता. मी ब्रेक सोडला नव्हता."

"ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. तर ते म्हणाले, "मी खाली हुतो न्हवं का? मला वरचं काय दिसत नव्हतं. चाकापाशी हिरव्या बांगड्या दिसल्या. दगड काढताना दिसल्या आनी परत घालताना दिसल्या. चारचौघांना कळलं असतं तर तिला जल्मभर बोलले असते. म्हणून म्हटलं, सगळ्यांची तोंडं दुसरीकडं वळवावीत."

"म्हणून मला? सगळ्या गावासमोर?" माझा आवाज चढला. एवढ्या वर्षांनी चढला.

"तिला बोललो असतो तर ती तितंच गेली असती गे," अप्पा म्हणाले. "तू काय, चार दिवस फुगशील आनी जगशील. तुझा भरवसा हुता मला."

आणि मी फुगले. केस पांढरे झालेली बाई मी, पण फुगले. त्या रात्री त्यांच्यापुढं ताट आदळलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न बोलता ठेवला. अप्पांनी कप उचलला, फुंकर घातली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "ब्रेक सुटला काय गे?"

"न्हाई," मी म्हटलं. "धरून हाय."